सही कुणाची?

"ताई, एकदा भूल दिली की दोन पिशव्या चढवून टाकायच्या गुपचूप. तिला कोण सांगायला जातंय!" मिरजेहून भाऊ फोनवर. मी कॅनडात, ऑन्टारियोत नर्स आहे. आमच्या एका पेशंटचं हिमोग्लोबिन ४.८, बाई यहोवाज विटनेस, म्हणजे श्रद्धेपोटी रक्त न घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, रक्त नको म्हणते, एवढंच मी बोलले होते.

त्याला इथला मॅलेट खटला सांगितला. १९७९ साली अपघातात बेशुद्ध झालेल्या मॅलेटबाईंच्या पर्समध्ये 'रक्त देऊ नये' असं कार्ड होतं. डॉक्टरांनी तरी रक्त दिलं. बाई वाचली आणि २० हजार डॉलर भरपाई डॉक्टरांच्या माथी बसली. १९९० मध्ये अपील कोर्टानेही ती कायम ठेवली. "जीव वाचवला म्हणून दंड?" भाऊ खवळला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही खवळले होते. त्यांची श्रद्धा मला आजही पटत नाही.

पण आमच्या पेशंटसारखं कुणी 'नको' म्हटल्यावर खरं काम सुरू होतं. शिरेतून लोह, रक्तपेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ऑक्सिजन. पाळी आवरत नव्हती म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. रक्त कमी जावं म्हणून तपासणीचं रक्त लहान मुलांच्या नळीत, तेही रोज नाही. नव्या पेशी तयार व्हायला दिवस लागतात, तेवढ्यात जीव जाऊ शकतो, हे तिला स्पष्ट सांगितलं. आणि नवऱ्याला बाहेर बसवून, तिला एकटीला विचारलं.

हे एकटीला विचारणं भावाला फारच परकं वाटलं. आपल्याकडेही २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की बाई भुलेखाली असताना आईने दिलेली संमती चालत नाही. जिवावरचा प्रसंग वेगळा. पण फॉर्म अजून नातेवाइकाच्याच हातात जातो.

गेल्या वर्षी भावजयीचं बाळंतपण झालं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ६ होतं. भाऊ रात्रभर रक्तदाते शोधत हिंडला, दोन पिशव्या चढल्या, सही त्यानेच केली. तेव्हा रक्त देणं बरोबरच होतं, पण ते ६ वर उतरेपर्यंत नऊ महिने कुणी काय केलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, असल्याचं निघालं. आपल्याकडे नेत्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं, त्याच मांडवात बायकांचं हिमोग्लोबिन तपासून उपचार सुरू करायला काय हरकत आहे?

"आता किती आहे तिचं?" मी विचारलं.

"डिस्चार्जनंतर बघितलंच नाही. थांब, तिलाच देतो फोन."