शेजारच्या स्टुलावरचा जपान

बायकोचा वाढदिवस, लोअर परळ, जपानी रेस्टॉरंट, टेबल नाही म्हणून काउंटरला उंच स्टुलं. एवढी प्रस्तावना पुरे. (जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता चिमूटभर भातावर माशाची चकती ठेवून हजार-बाराशे घेतात, पण हा विषय काढला की बायको म्हणते तू अगदी तुझ्या बाबांसारखा बोलतोस, म्हणून सोडतो.)

मी वासाबी (तो हिरवा झणझणीत गोळा) सोया सॉसमध्ये कालवायला घेतला आणि डावीकडून आवाज, "अंहं! शेफला वाईट वाटतं."

लिननचा शर्ट, एकटेच आलेले गृहस्थ. मी शेफकडे बघितलं. तो बिचारा पार्सलचे डबे भरत होता, मी सोयात आंघोळ केली असती तरी त्याने मान वर केली नसती.

"मागच्या वर्षी तोक्योला होतो," गृहस्थ सुरू झाले. "सुशी हाताने खाल्ली तरी चालते. बुडवायची ती माशाची बाजू, भाताची नाही." बायकोने तत्काळ चॉपस्टिक्स फेकल्या, त्यामुळे माणूस अगदीच टाकाऊ नव्हता. पण मग ते सुटलेच.

"भात कसा, अंगाइतका कोमट लागतो."

"हा तर फ्रीजमधला आहे."

"आपल्याकडचं हवामान वेगळं ना."

"आणि वासाबी?"

"खरा वासाबी आयत्या वेळी किसतात. पंधरा-वीस मिनिटांत झणका उतरतो त्याचा."

"यांनी ट्यूबमधून पिळला, मी बघितलं."

"हो, बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश म्हणजे दुसरंच एक झणझणीत मूळ आणि हिरवा रंगच असतो. पण इथला छान आहे."

आता यावर काय बोलणार? लोणच्यासाठी मोहरी फेसताना आईच्या स्वयंपाकघरात जे नाकात जायचं तेच हे, फक्त तिथे त्याचे पैसे पडत नव्हते.

मासा म्हणाल तर सगळीकडे सामन. जपानी लोक सुशीत कच्चा सामन खायचेच नाहीत म्हणे, १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी तो त्यांच्या गळ्यात मारला (हेही डावीकडूनच कळलं) आणि आता आम्ही अरबी समुद्राच्या काठावर बसून तोच खातोय, भाऊच्या धक्क्यावर काय मिळतं ते विचारायचंसुद्धा नाही. शिवाय ही हाताने वळलेली सुशी म्हणजे मुळात जुन्या तोक्योतला गाडीवरचा माल, येता-जाता दोन तुकडे तोंडात टाकायचे आणि कामाला लागायचं. गाडी गेली, भाव राहिला असंही नाही, भाव तर नवीनच आहे.

पोट? पोटाचं नाव काढू नका.

बिल आलं. १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्याच्यासकट सगळ्यावर जीएसटी. सर्व्हिस म्हणजे काय, तर पाणी साधं की बुडबुड्यांचं हे तीनदा विचारलं आणि आणलं एकदा. पण वाढदिवस, बायको समोर, कुठे वाद घालत बसा, दिलं कार्ड.

मग गृहस्थांचं बिल आलं. त्यांनी बोट ठेवलं, "हा चार्ज काढा." वेटर मुकाट्याने गेला, नवीन बिल घेऊन आला.

"ऐच्छिक असतो हो तो," ते मला म्हणाले. "ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, आपोआप लावायचा नाही. २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

अख्खी संध्याकाळ या माणसाने मला भाताचं तापमान सांगितलं, नॉर्वेचा व्यापार सांगितला, आणि हे एक वाक्य कार्ड स्वाइप होईपर्यंत पोटात ठेवलं! वर जाताना कमरेत वाकून नमस्कार, अस्सल जपानी. तोही बायकोला, मला नाहीच.