‘पहिली अक्षरं बघा, अर्थ कळतो’? नाही कळत

दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. इंग्रजी शब्द पाठ करायची गरजच नाही म्हणे, पहिली दोन-तीन अक्षरं ओळखा, अर्थ आपोआप निघतो. खाली यादी दिलीय: इन म्हणजे नाही, पेड म्हणजे पाय, मिस म्हणजे चुकीचं, पॅन म्हणजे सगळं. आणि शेवटी, सारखी सुरुवात असलेले शब्द एकाच घरातले असतात म्हणूनच डिक्शनरीत शेजारीशेजारी बसतात. मी मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवते, ही यादी मुलं वहीत सुबक अक्षरात उतरवून आणतात आणि मग तीच खरी धरून पेपर लिहितात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतेय.

‘इन म्हणजे नाही.’ इनॅक्टिव्ह, इनकरेक्ट इथपर्यंत ठीक. पण मागच्या उन्हाळ्यात एका मुलाच्या घरी रंगकाम चाललं होतं, थिनरचा डबा गॅसच्या ओट्याखाली ठेवलेला, आणि तो मला अगदी खात्रीने म्हणाला, मॅडम, त्यावर इन्फ्लेमेबल लिहिलंय, म्हणजे ते पेटत नाही. माझ्या पोटात गोळाच आला. आधी फोन करून तो डबा बाहेर ठेवायला लावला, मग शब्द शिकवला. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत, एक नकाराचा आणि दुसरा ‘आत, कडे’ या अर्थाचा. इन्फ्लेमेबल दुसऱ्यातून आलाय, मूळ क्रियापद इन्फ्लामारे, म्हणजे पेटवणे. पेट्रोलच्या टँकरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते यासाठीच. हा घोळ फक्त आपल्या मुलांचा आहे असंही नाही, इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांचाही होतो, म्हणून तर अमेरिकेत 1920 च्या दशकात नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आग्रह धरला की इन्फ्लेमेबल सोडा, नुसतं फ्लेमेबल लिहा. दोन्हींचा अर्थ एकच.

आणि जिथे ‘इन’ खरोखर नकाराचाच आहे तिथेही गणित सरळ नाही. इन्व्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, किंमत करताच येणार नाही इतकं मोलाचं, आपलं ‘अनमोल’. एका मुलीने निरोप समारंभासाठी बाईंना पत्र लिहिलं होतं, त्यात इन्व्हॅल्युएबल गायडन्स असं छान लिहून मग ती यादी बघून खोडून टाकलं, बाईंचा अपमान होईल म्हणून. खोडलेल्यावर पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. इन्फेमसचंही तसंच, प्रसिद्ध नसलेला नाही तर कुप्रसिद्ध.

आपल्याला हे नवीन वाटायला नको खरं तर. विफलमधला ‘वि’ नकार देतो आणि विज्ञानमधला ‘वि’ उलट जोर देतो, बेशिस्तमधला ‘बे’ आणि बेसनमधला ‘बे’ यांचा काही संबंध नाही, हे आपण कधी शिकलो नाही तरी आपल्याला कळतं. कारण मराठीत आपण आख्खा शब्द ओळखतो, सुरुवात नाही.

‘पेड म्हणजे पाय.’ पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर यांत हो. हा लॅटिनमधला पाय, आणि संस्कृतातला पाद त्याचाच भाऊबंद. पण पेडिअ‍ॅट्रिशियन म्हणजे पायाचे डॉक्टर नव्हेत, लहान मुलांचे. तिथला ‘पेड’ ग्रीक, पाइस म्हणजे मूल. पेडॅगॉजी, एन्सायक्लोपीडिया ही त्याच मुलाच्या शिक्षणाकडून आलेली मंडळी. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पेडिअ‍ॅट्रिकला पी नंतर एक जास्तीचा ए असतो, त्यामुळे फरक दिसतो तरी, अमेरिकन स्पेलिंगमध्ये तोही गेला.

‘मिस म्हणजे चुकीचं.’ मिसअंडरस्टँड, मिसस्पेल यांना लागू. मिशन आणि मिसाइल आले ‘पाठवणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून, मिसलेनियस, म्हणजे किरकोळ, संमिश्र, आला ‘मिसळणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. यात चुकीचं काहीच नाही.

‘पॅन म्हणजे सगळं.’ हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण यात आपला वडापाव येतो. पँडेमिक, पॅनोरामा यांतला पॅन ग्रीक, अर्थ सगळं, बरोबर. पॅनिक मात्र ग्रीकांच्या पॅन नावाच्या देवावरून आलाय. आणि पँट्री, म्हणजे स्वयंपाकघराशेजारची सामानाची खोली, ती लॅटिन पानिस म्हणजे ब्रेड यावरून, मुळात ब्रेड ठेवायची जागा. तोच पानिस पोर्तुगीजमध्ये पांव झाला, गोव्यात उतरला आणि आपल्याकडे पाव म्हणून राहिला. कंपनी या शब्दातही तोच आहे, एकत्र ब्रेड खाणारे ते सोबती. म्हणजे पँट्रीचं नातं शेजारच्या पँडेमिकशी नाही, दूरच्या कंपनीशी आणि आपल्या पावाशी आहे. आणि पाव किलोतला पाव? तो पुन्हा वेगळा, संस्कृत पादवरून आलेला, चौथा भाग, म्हणजे वर सांगितलेल्या पेडलच्या नात्यातला. दोन पाव, अक्षरं तीच, घरं दोन.

आता राहिलं डिक्शनरीतलं शेजारपण. तो क्रम शब्द सापडावा म्हणून लावलेला असतो, नात्यासाठी नाही. 1604 मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्रीने साधारण 2500 अवघड शब्दांची इंग्रजी यादी अक्षरक्रमाने छापली, तेव्हा त्याला सुरुवातीला वाचकांना समजावून सांगावं लागलं होतं की ए ने सुरू होणारा शब्द यादीच्या सुरुवातीला बघा आणि व्ही ने सुरू होणारा शेवटाकडे.

सुरुवातीची अक्षरं अगदीच निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. अंदाज बांधायला ती घ्या, मी पण वर्गात घेते. पण मग वाक्य बघा, आणि मोठ्या डिक्शनरीत अर्थाच्या जवळ शब्द कुठून आला त्याची एक बारीक ओळ बहुतेक वेळा असते, आपण ती सोडून देतो, ती वाचा. परवा आम्ही पेडिग्री, म्हणजे वंशावळ, या शब्दाची वाचली. जुनी फ्रेंच, ‘बगळ्यासारख्या पक्ष्याचा पाय’, कारण वंशावळीत पिढ्या जोडणाऱ्या रेघा त्या पायाच्या बोटांसारख्या दिसायच्या. मुलांनी लगेच वहीत स्वतःच्या आजी-आजोबांपासून रेघा काढून बघितल्या.