बेतीची ती रात्र

पणजीहून बेतीला फेरीबोटीने जायला फार तर सात-आठ मिनिटं लागतात. माझं सासर वेऱ्याचं, त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत ही मांडवी मी किती वेळा ओलांडली याचा हिशेब नाही. कधी बाजाराच्या पिशव्या घेऊन, कधी पोटात कळा सुरू असताना. (दोन्ही मुलं पणजीत झाली. फेरीवाल्याने एकदा गाड्या न भरताच बोट सोडली होती, त्याचं भलं होवो.) एका माणसाच्या फौजेने मात्र ही एवढीशी नदी पार करायला अख्खी रात्र घेतली. पूल नव्हता हे खरंच, पण थांबायचा हुकूम त्या माणसाने स्वतः, विचार करून दिला होता.

त्याचं नाव सगत सिंग. तेव्हा ब्रिगेडियर, पुढे लेफ्टनंट जनरल.

डिसेंबर उजाडला की फेसबुकवर आपल्याकडे तोच वाद पेटतो. गोवा मुक्त झाला की गोव्यावर आक्रमण झालं? एक बाजू छत्तीस तासांत पाकल्यांना, म्हणजे पोर्तुगेजांना, कसं पिटाळलं ते छाती फुगवून सांगते. दुसरी म्हणते, साडेतीन-चार हजार पोर्तुगेज शिपायांवर एवढी मोठी फौज, वर विमानं, समुद्रात नौदल, यात मर्दुमकी कसली, ती तर सहल होती. मी पहिल्या बाजूची आहे, लपवत नाही. पण हे ‘सहल’ प्रकरण ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती लढाई इतक्या थोड्या रक्तात आटोपली ती आपोआप नाही. तशी ती आटोपावी म्हणून कुणीतरी त्या रात्री हात आवरला होता.

आता थोडी हकीगत. डिसेंबर १९६१ च्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये, म्हणजे गोवा घेण्याच्या मोहिमेत, मुख्य काम होतं मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनकडे. ते बेळगाव, अनमोड, मोले या वाटेने येणार. सगत सिंगांची ५० पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गाहून येणार, ती मदतीला म्हणून. दुय्यम भूमिका. या पठ्ठ्याने १८ तारखेला तीन वाटांनी तीन पलटणी आत घातल्या. २ पॅरा साखळी-उसगावमार्गे फोंड्याकडे, १ पॅरा बाणस्तारीच्या दिशेने, आणि २ शीख लाइट इन्फंट्री रणगाडे घेऊन अस्नोडा, थिवी, म्हापसा करत थेट बेतीला. यातली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. फोंड्यात शिरलेल्या जवानांशी आपल्या लोकांना मराठीत बोलता आलं असणार, याची मला उगाच गंमत वाटते.

माझं माहेर डिचोली. आजी सांगायची की त्या दिवशी पहाटे कोंबडा आरवायच्या आधी पूल उडाला. भांडी फळीवरून खाली पडली, आणि आजोबांना वाटलं देवळाचा घुमट कोसळला. पोर्तुगेजांनी मागे हटताना डिचोलीचा पूल उडवला, अस्नोड्याचा उडवला, बाणस्तारीचा उडवला. तरीही संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला बेतीच्या काठावर आपले रणगाडे उभे. समोर पणजी. दिवे दिसतील, माणसांच्या हाका ऐकू येतील इतकी जवळ.

दुय्यम काम दिलेली ब्रिगेड सगळ्यांच्या आधी राजधानीच्या दारात पोचली आहे. दुसरा कुणी असता तर त्याच रात्री मिळेल त्या होडीने पार झाला असता. सगत सिंगांनी सांगितलं, सकाळी. रात्रीच्या अंधारात दाट वस्तीत शिरलं, कुठून एक गोळी सुटली, की उत्तरात शंभर सुटतात आणि त्या कुणाच्या घरात शिरतात ते कुणालाच दिसत नाही. पणजीतल्या फोंतेन्यशची ती चिंचोळी गल्ली डोळ्यांसमोर आणा. आज आपण पाहुण्यांना तिथे फोटो काढायला नेतो.

त्याच सुमाराला, तिथून काही किलोमीटरवर, न थांबण्याची किंमतही दिसली. आग्वादच्या किल्ल्यात आपली माणसं कैदेत आहेत असं कळल्यावर ७ कॅव्हलरी या रणगाडा पलटणीचे मेजर शिवदेव सिंग सिधू त्यांना सोडवायला गेले. आतल्या शिपायांपर्यंत शरणागतीचा हुकूम पोचलेला नव्हता. गोळीबार झाला, मेजर सिधू आणि कॅप्टन विनोद सेहगल दोघेही पडले. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्या माणसांना सोडवायला धावलेला माणूस तो. पण कांदोळी-सिकेरीकडे जाताना किल्ला दिसला की मला ते दोघे आठवतात, आणि मग बेतीचा काठ आठवतो.

दुसऱ्या बाजूलाही एक माणूस होता, त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर गोष्ट अर्धी राहील. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचं नाही, मरेपर्यंत लढायचं. सिल्वा तेव्हा वास्कोला होता. त्याने तो हुकूम पाळला नाही आणि १९ तारखेच्या रात्री शरणागती लिहून दिली. बक्षीस काय, तर मायदेशी गेल्यावर सैन्यातून हकालपट्टी. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा मान परत मिळाला. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा शेवट आणि मेलेले सैनिक भारताचे २२, पोर्तुगालचे ३०. एकाच वेळी दोन्हीकडे शहाणी माणसं असण्याचा योग इतिहासात फार येत नाही. आपल्या वाट्याला तो आला.

मला सगत सिंगांच्या थांबण्याचं इतकं अप्रूप का, तर हा माणूस थांबणाऱ्यातला नव्हताच. राजस्थानात चुरू भागातलं कुसुमदेसर हे त्यांचं गाव. बिकानेर संस्थानाच्या गंगा रिसाल्यात, म्हणजे उंटांच्या पलटणीत, साधे नायक म्हणून भरती झाले आणि तिथून वर चढले. पॅराशूट ब्रिगेड हाती आली तेव्हा चाळिशी उलटलेली. छत्रीधारी जवानांचा अधिकारी स्वतः छत्री घेऊन उडी न मारलेला कसा चालेल, म्हणून त्या वयात पोरांबरोबर प्रशिक्षण घेऊन उड्या मारल्या.

१९६५ मध्ये ते सिक्कीमला. पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीनने दम भरला की नथू ला आणि जेलेप ला या खिंडी खाली करा. वरून सूचना आली मागे या. शेजारच्या डिव्हिजनने जेलेप ला सोडली. सगत सिंगांनी नथू ला सोडली नाही. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, तारेचं कुंपण घालताना चिन्यांनी गोळीबार केला तेव्हा तोफा चालवायची परवानगी वरून यायची वाट न पाहता त्यांनी तोफा चालवल्या. १९६२ च्या जखमेवर पहिली फुंकर तिथे बसली.

आणि १९७१, बांगलादेशचं युद्ध. चौथी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांची फौज, त्यांच्या हाताखाली. मूळ आराखड्यात या कोअरने ढाका घ्यायचं नव्हतंच, मेघना नदीपर्यंत यायचं होतं. आशुगंजला पोचले तर पाकिस्तान्यांनी मेघनेवरचा प्रचंड रेल्वे पूल उडवलेला. पुन्हा नदी, पुन्हा पडलेला पूल! या वेळी मात्र रात्र नाही काढली. हाताशी जी थोडी हेलिकॉप्टरं होती त्यांत जवान कोंबून पलीकडे नेऊन उतरवले, खेपांवर खेपा, रात्रीसुद्धा. पाहणी करताना त्यांच्याच हेलिकॉप्टरवर गोळ्या आल्या, पायलट जखमी, यांच्या कपाळाला गोळी चाटून गेली. मांडवीला थांबलेला माणूस आणि मेघनेला न थांबलेला माणूस एकच. पलीकडच्या काठावर काय आहे ते बघून ठरवलं दोन्ही वेळा.

आता पदकांचं. नथू लाला लढलेल्या लेफ्टनंट कर्नल राय सिंग यांना महावीर चक्र. मेघनेवर हेलिकॉप्टरं चालवणाऱ्या ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांना महावीर चक्र. दोघांनाही मिळायलाच हवं होतं. सगत सिंगांना परम विशिष्ट सेवा पदक आणि पद्मभूषण. मोठे सन्मान आहेत, नाही म्हणत नाही, पण शौर्याचं पदक एकही नाही. वरचा हुकूम यायच्या आधी वागणाऱ्या माणसाच्या छातीवर फार पदकं लागत नाहीत, असं माझं मत. कुणाला पटो न पटो.

सालाझारने मात्र कदर केली म्हणायची. सांगतात ते असं, की गोवा मुक्त झाल्यावर आग्र्याच्या एका हॉटेलात काही अमेरिकन पर्यटक सगत सिंगांकडे टक लावून बघत होते. शेवटी एकाने येऊन विचारलं, तुम्हीच का ते? लिस्बनमध्ये यांचा फोटो लावला होता म्हणे, पकडून देणाऱ्याला दहा हजार डॉलर. मला ही गोष्ट खूप आवडते.

ढाक्याच्या शरणागतीचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. पाकिस्तानचा जनरल नियाझी सही करतोय, शेजारी जनरल अरोरा, मागे उभ्या असलेल्यांत सगत सिंग आहेत आणि जनरल जेकबही. हे जेकब १९९८-९९ मध्ये आपले राज्यपाल होते, काब राजभवनात राहत होते. आम्ही तेव्हा त्यांना रस्त्यावरून गाडीत जाताना बघायचो. पणजी घेणारा माणूस त्याच वेळी जयपूरला आपल्या घरात म्हातारा होत होता. दोन तरुण मुलं अपघातांत गमावलेला बाप. घराला नाव ‘मेघना’चं दिलं होतं. २६ सप्टेंबर २००१ ला गेले. अमेरिकेतल्या त्या हल्ल्याला जेमतेम पंधरा दिवस झालेले, वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

गेल्या वर्षी एका शाळेत मुक्तिदिनाच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. चौदा मुलं बोलली. लोहिया आले, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आले, पत्रादेवीचे हुतात्मे आले. यायलाच हवेत. वर्षानुवर्षं सत्याग्रहींनी मार खाल्ला म्हणून तर सैन्य आलं. पण सैन्य म्हणजे ‘भारतीय सैन्य’, एवढंच. जणू ते पावसासारखं आलं आणि गेलं. एकाही मुलाच्या तोंडी सगत सिंगांचं नाव नाही. मुलांचा काय दोष, भाषण लिहून देणाऱ्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं ना.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. १९६१ साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना ब्रिगेड, पलटण काही माहीत नाही. त्यांना आठवतात ते रस्त्याकडेला रांगेने बसलेले दाढीवाले शिपाई. वडिलांनी शहाळी पाडून दिली. रात्रभर घरात कुणी झोपलं नाही, आता फुटेल, मग फुटेल म्हणून सगळे बसून, आणि काही फुटलंच नाही. सकाळी साडेसातच्या सुमाराला हालचाल सुरू झाली. पणजीत शिरताना जवानांनी पोलादी हेल्मेटं काढून पॅराशूट रेजिमेंटच्या तांबड्या टोप्या घालाव्यात, असा सगत सिंगांचा हुकूम होता, हे मी नंतर वाचलं. सासूबाईंनी ते वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, “ते लोखंडी टोप काढून डोकी पुसत होते गो. मला वाटलं, फेस्ताक, जत्रेक चालले.”