पेड पोस्टचे ‘महिना ३० हजार’ : त्या फॉरवर्डमधल्या एकेका दाव्याबद्दल

दर काही महिन्यांनी हा मजकूर व्हॉट्सॲपवर नव्याने फिरू लागतो. कधी रील होऊन येतो, कधी एखाद्या कोर्सच्या जाहिरातीत असतो. सांगणं थोडक्यात असं: फुकटात किंवा स्वस्तात ब्लॉग काढा, मराठीत तीस-चाळीस लेख टाका, ‘डीए’ (साइटचं वजन सांगणारा एक आकडा) २० च्या वर गेला की कंपन्या पेड पोस्टसाठी, म्हणजे पैसे घेऊन छापायच्या लेखांसाठी, स्वतःहून मागे लागतात. एका पोस्टचे ३ हजार, महिन्याला दहा पोस्ट, म्हणजे ३० हजार. लेखही तेच देतात, विषय कुठलाही चालतो, आपण फक्त कॉपी-पेस्ट करायचं. वाचकाला सांगायची गरज नाही, गुगलला कळत नाही आणि एवढ्याशा पैशांवर कर कसला?

मराठी ब्लॉगांची तांत्रिक बाजू सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे एक कबूल करतो: पेड पोस्टचे ई-मेल खरोखर येतात, भरपूर येतात. छोट्या ब्लॉगलाही येतात. अडचण आहे ती त्यापुढच्या प्रत्येक वाक्यात.

पहिला दावा, की तुमच्या लिखाणाला मागणी आहे. नाही. असा एखादा ई-मेल नीट वाचून बघा. ‘तुमचा ब्लॉग फार आवडला’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, पण कोणता लेख आवडला ते कधीच नसतं. पुढे लगेच तीन प्रश्न: किंमत किती, लिंक ‘डूफॉलो’ (म्हणजे गुगल शिफारस मानेल अशी) देणार का, आणि ती कायम राहणार का. महिन्याला किती लोक वाचतात, हे क्वचितच विचारतात. ज्याला जाहिरात करायची आहे तो वाचकांचा आकडा आधी विचारेल. इथे गिऱ्हाईकाला वाचक नकोच आहेत. त्याला तुमच्या साइटवरून त्याच्या साइटकडे जाणारा एक दुवा हवा आहे, म्हणजे गुगलच्या शोधात तो वर सरकेल. लेख हे त्या दुव्याचं वेष्टन. म्हणून तर पुरणपोळी आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या ब्लॉगवर ‘फ्लोअर टाइल्स निवडताना घ्यायची काळजी’ असा लेख दिसतो, मराठी यंत्राने भाषांतरित केल्यासारखं असतं, आणि तिसऱ्या परिच्छेदात एका निळ्या शब्दावर क्लिक केलं की भलतंच दुकान उघडतं.

‘डीए’चंही तेच. डोमेन ऑथॉरिटी हा १ ते १०० चा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीने स्वतःच्या अंदाजासाठी काढलेला आहे. गुगल तो वापरत नाही. लिंकांच्या बाजारात भाव ठरवायला काहीतरी माप लागतं, म्हणून तो चालतो. फुकटच्या लिंका मारून तो फुगवताही येतो, आणि फुगवून देणारेही याच बाजारात बसलेले असतात. नव्या ब्लॉगरला आधी डीए वाढवून देण्याचं पॅकेज विकायचं आणि मग पेड पोस्ट आणून देण्याचं, असा हा दुहेरी धंदा आहे. फॉरवर्ड नेमका कुठून सुटतो, याचा अंदाज इथे येतो.

आता ‘गुगलला कळत नाही’ हा दावा. हा खेळ आजचा नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ‘पे-पर-पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली, ब्लॉगरांना पैसे देऊन पोस्ट लिहून घेणारी. २००७ च्या शरद ऋतूत गुगलने लिंका विकणाऱ्या बऱ्याच साइटांचा पेजरँक, म्हणजे साइटच्या वजनाचा गुगलचा स्वतःचा आकडा, सरळ खाली आणला. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, ‘नोफॉलो’ ही खूण आली होती: लिंकेच्या कोडमध्ये ती घातली की गुगल त्या लिंकेला शिफारस मानत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आली. नियम सोपा आहे. पैसे घ्या, हरकत नाही, पण लिंकेवर यांपैकी एक खूण लावा. खूण न लावता विकलेली लिंक गुगलच्या धोरणात स्पॅम ठरते.

गंमत म्हणजे या नियमात गुगल स्वतःच दोनदा सापडलं आहे. २००९ च्या फेब्रुवारीत गुगल जपानच्या एका प्रचारासाठी ब्लॉगरांना पैसे देऊन लिहून घेतल्याचं उघड झालं. कंपनीने माफी मागितली आणि आपल्याच जपानी साइटचा पेजरँक ९ वरून ५ वर आणला. २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरची पाळी आली. जाहिरात एजन्सीमार्फत प्रायोजित ब्लॉगपोस्ट झाल्या होत्या, आणि त्यांपैकी एका पोस्टमध्ये ही खूण नसलेली लिंक निघाली. एका लिंकेपायी क्रोमचं पान किमान ६० दिवसांसाठी शोधात खाली ढकलण्यात आलं. तेव्हा ‘आपण एवढेसे, आपल्याकडे कोण बघतंय’ हे म्हणणं फार धीराचं आहे. अलीकडे तर बऱ्याचदा शिक्षेचा गाजावाजाही होत नाही. तुमच्या लिंका मोजायच्याच नाहीत असं ठरतं, आणि गिऱ्हाईक पुढच्या ब्लॉगकडे जातं. कारवाई झालीच तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात) ‘तुमच्या साइटवरून जाणाऱ्या अनैसर्गिक लिंका’ अशा अर्थाची नोटीस दिसते. मग एकेक जुनी पोस्ट उघडून लिंक काढा किंवा खूण लावा आणि फेरविचाराचा अर्ज करा. ज्यांचे पैसे घेतलेत ते तेव्हा ‘कायमची’ लिंक का काढली म्हणून भांडतात, ते वेगळंच.

या ‘कायम’ शब्दाचा हिशेब कुणी मांडत नाही. समजा, १,५०० रुपये एकदाच घेतले आणि ब्लॉग पाच वर्षं चालवला. महिन्याला २५ रुपये भाडं झालं. एवढ्यात कोपऱ्यावरचा चहावाला आपल्या भिंतीवर फलकही लावू देणार नाही.

‘वाचकाला सांगायची गरज नाही’ हे तर कायद्याच्या विरुद्ध आहे. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या स्वनियामक संस्थेने डिजिटल प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरसाठी) नियमावली केली, ती १४ जून २०२१ पासून लागू झाली. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सेलिब्रिटी व प्रभावकांसाठी सोप्या भाषेतली पुस्तिका. सार असं की पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, काहीही मिळालं असेल तर ते स्पष्ट सांगायचं. ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. म्हणजे मराठी पोस्टच्या शेवटी बारीक अक्षरात इंग्रजी ‘कोलॅब’ लिहून भागत नाही. वर, पहिल्या ओळीच्या आधी, ‘जाहिरात’ असं मराठीत लिहायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तुमच्या छोट्या ब्लॉगवर उद्या धाड पडेल असं मी म्हणत नाही. पण ‘गरज नाही’ हे वाक्य साफ खोटं आहे.

‘विषय कुठलाही चालतो’ या दाव्यापाशी मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण खरी जोखीम इथे आहे. जो ई-मेल नेहमीच्या भावाच्या तिप्पट-चौपट पैसे देतो, तो बहुतेक वेळा सट्टा, कॅसिनो, झटपट कर्जाचं ॲप किंवा मधुमेह मुळापासून घालवणारं औषध यांपैकी एकाचा असतो. त्यांना दुसरीकडे जाहिरात करणं अवघड जातं, म्हणून भाव चढा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाज असल्याच्या जाहिरातींना तर १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आडवा येतो, आणि तो जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही धरतो. ‘लेख त्यांनी दिला होता, मी फक्त टाकला’ ही सबब तिथे कामाची नाही. आणखी एक चलाखी: टाकताना लिंक एखाद्या निरुपद्रवी साइटची असते, आणि काही महिन्यांनी तीच साइट परस्पर सट्ट्याच्या पानाकडे वळवली जाते. आपल्या ब्लॉगवरचं अक्षरही बदललेलं नसतं, त्यामुळे पत्ताच लागत नाही.

कराबद्दल थोडक्यात. रक्कम कमी असली तरी ते उत्पन्नच आहे, आणि पगारदार माणसाने ते विवरणपत्रात दाखवायला हवं. व्यवसायाचं उत्पन्न आलं की नेहमीचा ‘सहज’ फॉर्म चालत नाही, दुसरा भरावा लागतो. पैशाऐवजी मोबाइल किंवा मिक्सर मिळाला तरी सुटका नाही: १ जुलै २०२२ पासून एकाच देणाऱ्याकडून वर्षात २० हजारांवर वस्तुरूप लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के करकपात आहे. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरत नाहीत. जीएसटीची भीती मात्र उगाच घालतात; आपल्या राज्यात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

आणि फॉरवर्डमध्ये कधीच नसलेली गोष्ट. मराठीत चांगले शैक्षणिक ब्लॉग चालवणारे पुष्कळ जण जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत वर्तणूक नियम असतात. अधूनमधून साहित्यिक लिखाण करणं वेगळं आणि नियमित पैसे घेऊन जाहिराती छापणं वेगळं. गुरुजींनी आधी लेखी परवानगीचं विचारावं. शाळेतलाच कुणी तक्रार करेल, गुगल नाही.

राहता राहिले ते ३० हजार. महिन्याला दहा पेड पोस्ट म्हणजे आठवड्याला दोनहून जास्त. नोकरी सांभाळून लिहिणारा माणूस स्वतःचे लेख आठवड्याला एक टाकू शकला तरी खूप. म्हणजे ब्लॉगवर स्वतःच्या एका लेखामागे दोन-अडीच विकलेले. असा ब्लॉग वाचायला कोण परत येणार? वाचक गेले की गिऱ्हाईकाला फरक पडत नाही, कारण त्याला ते नकोच होते. फरक तुम्हाला पडतो.

मग छोट्या ब्लॉगवरून पैसे मिळूच शकत नाहीत का? मिळतात, थोडे आणि सरळ मार्गाने. मराठीला जाहिरातींचं वावडं नाही. आपले दिवाळी अंक शंभराहून अधिक वर्षं जाहिरातींवर उभे आहेत, आणि पानभर सोन्याच्या पेढीची जाहिरात असली म्हणून कुणी कथाकाराला विकला गेला म्हणत नाही, कारण जाहिरात जाहिरातीसारखी दिसते. गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्याला पायथ्याच्या गावातला घरगुती निवास चालवणारा, शेतीवर लिहिणाऱ्याला रोपवाटिका, बालसाहित्यावर लिहिणाऱ्याला प्रकाशक, असं गिऱ्हाईक शोधावं लागतं. ते स्वतःहून ई-मेल करत नाही. आपणच फोन करायचा असतो. त्याला डीए माहीत नसतो, पण ‘तुमचं वाचून चार जण आले’ हे कळतं.

व्यवहार ठरवताना मजकूर स्वतः लिहायचा, वर ‘जाहिरात’ लिहायचं, लिंकेवर स्पॉन्सर्डची खूण लावायची आणि मुदत घालायची: सहा महिने किंवा वर्ष, ‘कायम’ नाही. भाव वाचकसंख्येवर सांगायचा. पैसे आधी घ्यायचे, शक्यतो यूपीआयने किंवा बँकेत. परदेशातून पेपालवर आलेले असतील तर देणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार करून ते परत मागू शकतो, त्यामुळे तेवढे दिवस ते पक्के आपले झाले असं धरू नये. आणि पावती द्यायची, मागितली नाही तरी.