धुराचा रंग कशाला बघता, घड्याळ बघा

थंडी पडली की दरवर्षी एक मेसेज फिरतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. मजकूर साधारण असा: ‘सकाळी गाडी सुरू करताना पांढरा धूर आला तर हेड गॅस्केट गेली समजा. निळा आला तर रिंगा गेल्या, हाफ इंजिनचं काम निघालं. काळा आला तर पंपावर भेसळीचं पेट्रोल मिळालं. उपाय: रोज दहा मिनिटं रेस देऊन गाडी गरम करा आणि जाड ऑइल टाका.’ खाली ‘अनुभवी मेकॅनिकचा सल्ला, पुढे पाठवा.’

यातली एकही ओळ पूर्ण खोटी नाही, पंचाईत तीच आहे. अर्धवट खरी गोष्ट वाचूनच माणूस गॅरेजवाल्यापुढे उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने ‘इंजिन उघडा’ म्हणतो.

आधी पांढऱ्याचं बघू. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखाली (हेडखाली) बसवलेली चकती, कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरात जाऊ न देणारी. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सीएनजीत तर एका किलोला जवळपास सव्वादोन किलो. रात्रभर गार पडलेल्या सायलेन्सरमधून ती वाफ थंड हवेत आली की धुक्यासारखी दिसते, टोकाशी पाणीही ठिबकतं. डिसेंबरात निफाडला पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते, तेव्हा फुप्फुसाची गॅस्केट गेली असं कोणी म्हणत नाही. गाडी पाच-दहा मिनिटं चालली, सायलेन्सर तापला की हा ‘धूर’ संपतो. दुपारी तीच गाडी सुरू करा, काही दिसायचं नाही.

गॅस्केट खरंच गेली असेल तर इंजिन तापल्यावरही पांढरे लोट थांबत नाहीत. त्यांना गोडसर वास येतो, कारण कुलंट जळत असतं. टाकीतली कुलंटची पातळी दर आठवड्याला खाली जाते आणि खाली जमिनीवर गळती मात्र सापडत नाही. गाडी पूर्ण थंड असताना (गरम असताना चुकूनही नाही) रेडिएटरचं झाकण उघडून सुरू केली तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ फेस हीही खूण आहे, पण एकटी नाही. रोज दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीतही पावसाळ्यात तो जमतो, इंजिन नीट तापतच नाही म्हणून.

डिझेलचा हिशेब वेगळा. सुरू करताना पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते न जळलेलं डिझेल असतं. तिथे आधी हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) तपासायचे, मग नोझल (डिझेल फवारणारे) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). हेड उघडायची घाई कशाला?

आता निळा. इथे मेसेज सर्वात जास्त चुकतो आणि सर्वात जास्त पैसे घालवतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथवर बरोबर. पण ऑइल आलं कुठून? दरवेळी रिंगांतूनच, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांतूनच?

आमच्या शेजारच्या नानांची अकरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी सकाळी निळा धूर सोडायला लागली. नाना गॅरेजमध्ये गेले आणि मेसेज वाचून दाखवला. मग काय, ४५ हजारांचा आकडा घेऊन घरी आले. “अरे, रिंगा गेल्या म्हणतोय. विकूनच टाकू का?”

मी म्हटलं, “नाना, उद्या सकाळी गाडीला हात लावायच्या आधी मला हाक मारा.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता पांढरा रुमाल सायलेन्सरपासून वीतभर लांब धरून उभा राहिलो. नानांनी चावी फिरवली. निळसर ढग आला, जळक्या तेलाचा वास आला. मी मोजायला लागलो. वीसपर्यंत पोचायच्या आत ढग विरला. रुमालावर पाण्याचा ओला डाग होताच, पण त्यात पिवळट तेलकट ठिपके होते. नंतर गाडी तापवून रेस दिली, धूर नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून नेली, धूर नाही.

रिंगा झिजलेल्या असत्या तर धूर सकाळपुरता कशाला थांबला असता? रिंगांचा धूर लोड आला की वाढतो, घाट चढताना मागच्या गाडीवाल्याला तो दिसतो. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फुसफुस वारा मारतो. याउलट रात्री उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) दांड्यावरून थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या चावीला जळून जातं. ते अडवायला रबराचं टोपण असतं, व्हॉल्व्ह सील. वय झालं की ते रबर कडक होतं. त्याची आणखी एक खूण आहे: कसारा घाट गिअरमध्ये उतरून खाली पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक निळा झोत येतो. उतरताना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद असतो, आत ओढ तयार होते आणि सीलजवळून ऑइल खेचलं जातं.

मिस्त्रीला शंका असेल तर कॉम्प्रेशन मोजावं. कमी आलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चांगला वर गेला तर रिंगा ढिल्या. गेला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. नानांच्या चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आणि चांगलं निघालं.

दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने हेड न उतरवता सील बदलले. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडली, पिस्टन वर घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, आणि वरून एकेक सील काढून नवं बसवलं. सगळ्याच इंजिनांत हे जमतं असं नाही. सोळा सील, दीड दिवस. सीलचे पैसे किरकोळ, मजुरीच जास्त, तरी ४५ हजारांच्या आसपासही गेलं नाही. (सकाळचाच तर धूर आहे म्हणून सोडून देऊ नका मात्र. जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं, आणि तो स्वस्त नसतो.)

काळ्या धुराचा दोष थेट पंपावर ढकलणं सोपं असतं. रॉकेलची भेसळ असेल तर गाडी दिवसभर कुरकुर करेल, ठोका देईल, आणि त्याच पंपावर भरणारे शेजारीही ओरडतील. फक्त सुरू करताना काळं येत असेल तर पेट्रोल जास्त जातंय. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. तापमानाचा सेन्सर बिघडला तर इंजिन तापलं तरी त्याला ते थंडच वाटतं. रात्री एखादा इंजेक्टर ठिबकत असेल तरीही असंच होतं. पार्किंगच्या भिंतीवर काळे ठिपके उडाले म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. ते बहुतेक वेळा सायलेन्सरमधल्या पाण्याबरोबर आलेली काजळी असते, पुसून टाका. बीएस-६ डिझेल गाडीतून मात्र काळा धूर दिसायलाच नको. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो. धूर दिसला म्हणजे तो फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

दहा मिनिटं रेस? थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. अशा वेळी रेस देणं म्हणजे ज्या रिंगांची काळजी वाटते त्यांनाच घासणं. अर्धा मिनिट थांबा आणि हळू निघा. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये तर हा प्रयोग जीवावर बेतेल, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

जाड ऑइलने धूर थोडा दबतो, खरं आहे. जुनी गाडी विकणारे तेच करतात. पण ५डब्ल्यू-३० (पातळ ऑइल) मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० (जाड) ओतलं तर थंडीत ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं, आणि रबराचं सील होतं तसंच कडक राहतं.

सील बदलल्यावर दोन दिवस नानांच्या गाडीतून थोडं निळसर येत राहिलं, सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला नानांचा फोन.

“अरे, आता पांढरा येतोय!”

“नाना, रुमाल धरा.”

पलीकडे थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मग म्हणाले, “ओला झाला. डाग नाही.”