सुकाणूतून पाणी ठिबकतंय? एपॉक्सी नंतर, आधी आतला धातू बघा

भाच्याने जुनी कॅटामरान, म्हणजे दोन जोडलेल्या सांगाड्यांची शिडाची होडी, घेतली आहे. होडी सध्या काठावर काढून ठेवलेली आहे आणि डाव्या सुकाणूच्या तळातून तपकिरी पाणी ठिबकतंय. अशात त्याच्या हाती ‘जुन्या कॅटामरानचं सुकाणू : खर्च वाचवणारे पाच उपाय’ हा सगळीकडे फिरणारा मेसेज लागला. तो त्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, करून टाकू का?’ नाही. हे अजिबात करू नकोस. ज्यांच्याकडे ज्यांच्याकडे तो मेसेज पोचलाय त्यांनीही करू नये.

पहिला उपाय असा : पात्याच्या, म्हणजे सुकाणूच्या पाण्यात राहणाऱ्या चपट्या भागाच्या, तळाला भोक पाडा, पाणी निथळू द्या, दोन दिवस उन्हात वाळवा, एपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवा, काम फत्ते. दुसरा मुद्दा त्यालाच चिकटून येतो : आतला दांडा स्टेनलेस स्टीलचा असतो, स्टेनलेस गंजत नाही, म्हणून पातं उघडायची गरजच नाही. माझा सगळा राग या जोडीवर आहे. कारण हे दोन्ही पाळणारा माणूस पाणी थांबवून निश्चिंत होतो आणि ज्या गोष्टीमुळे सुकाणू तुटतं तिच्याकडे बघतही नाही.

या सुकाणूच्या पोटात काय असतं ते आधी समजून घ्या. बहुतेक जुन्या सुकाणूंमध्ये फायबरग्लासचे दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मधे फोम असतो. वरून स्टीलचा दांडा आत उतरतो. त्या दांड्याला आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. टिलर (सुकाणू वळवायचा हातदांडा) किंवा चाक फिरवल्यावर दांडा फिरतो, पण पातं फिरवतात त्या पट्ट्या. त्यांचं वेल्डिंग सुटलं, की दांडा आतल्या आत फिरतो आणि पातं जागचं हलत नाही. बाहेरून मात्र रंगाला साधा तडाही दिसत नाही.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा वरून, दांडा पात्यात घुसतो त्या सांध्यातून. गुळगुळीत स्टील आणि फायबर यांची पकड मुळात कच्ची असते आणि दांडा दरवेळी थोडा वाकतो. स्पेड सुकाणूत, म्हणजे ज्याला खालून कसलाच आधार नसतो त्यात, वाकवणारा जोर सगळ्यात जास्त येतो तो खालच्या बेअरिंगपाशी, म्हणजे या सांध्याच्या जरासाच वर. तळाला पाडलेलं भोक तळालाच बुजवलं तर वरचा सांधा उघडाच राहतो. होडी पाण्यात गेली की पातं पुन्हा भरतं. फोमही दोन दिवसांत वाळत नाही. तो आतून कुस्करलेला असेल तर पाणी कोपऱ्याकोपऱ्यात अडकून बसतं. काही जण लवकर वाळावं म्हणून गॅसची ज्योत मारतात. तसं केलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फायबरचे थर सुटतात.

आता ‘स्टेनलेस गंजत नाही’ याकडे येऊ. स्टेनलेसमध्ये कमीत कमी १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर धातूला वाचवतो. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा तयार होतो, पण त्यासाठी प्राणवायू लागतो. पात्याच्या पोटात साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो. थर सांधला जात नाही, फटीतलं पाणी आम्लधर्मी होत जातं आणि क्लोराइड धातूला खड्डे पाडत आत शिरतं. ३१६ जातीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं, एवढंच. वेल्डिंगच्या आजूबाजूचा भाग आधी जातो. म्हणजे उघड्या हवेत डेकवर वर्षानुवर्षं चकाकणारं स्टील पात्याच्या आत त्याच काळात कुरतडलं गेलेलं असू शकतं. ठिबकणारं पाणी तपकिरी असेल, तर तो गंज असण्याची शक्यता आधी धरायची.

भोक पाडायचं हे मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. पण ते तपासणीसाठी. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाडा, काय बाहेर येतं ते बघा, वास घ्या. मग टिलर किंवा चाक घट्ट बांधा, एकाला पात्याची मागची कड दोन्ही बाजूंना ढकलायला सांगा आणि आपलं बोट दांडा-पात्याच्या सांध्यावर असं ठेवा की अर्धं दांड्यावर, अर्धं पात्यावर येईल. बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर दांडा आणि पातं दोन्ही बरोबरच हलतात. बोटाखाली पातं हललं आणि दांडा स्थिर राहिला, तर आतल्या पट्ट्या गेल्या. त्या सुकाणूवर होडी पाण्यात घालायची नाही.

संशय आला की सुकाणू उतरवा आणि एका बाजूचं फायबर खिडकीसारखं कापून काढा. दुसरी बाजू तशीच ठेवा, म्हणजे पात्याचा आकार हातचा जात नाही. पट्ट्या आणि वेल्डिंगचे टाके उघडे करून डाय पेनेट्रंटने, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने, तडे शोधा. दांड्याला खड्डे असतील तर त्यावर वेल्डिंगचा थर चढवत बसू नका, दांडा बदला. बंद करताना फायबरच्या कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासाव्या लागतात, म्हणजे ४ मिमी जाडीला साधारण ४८ मिमी. वरच्या सांध्याभोवती खाच करून त्यात लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरा. तिथे कडक एपॉक्सी भरली तर दांडा वाकताच तिला तडा जातो.

सुकाणू जड झालं तर ग्रीस भरा, हा तिसरा उपाय. दांडा ज्यात फिरतो ते बुश नायलॉनचे असतील तर ते पाणी पिऊन फुगतात आणि दांडा आवळतात. ग्रीसने ते आकसणार नाहीत. काढून रीमरने त्यांचं भोक योग्य मापाला मोठं करा किंवा अॅसिटल या प्लास्टिकचे बसवा, ते फारच कमी पाणी शोषतात.

चौथा, कुठलाही अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून पाण्याखाली लावायचा) चालतो. दांडा अॅल्युमिनियमचा असेल तर तांबं मिसळलेला रंग चालत नाही, खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खातं.

पाचवा मुद्दा : कॅटामरानला दोन सुकाणू असतात, एक गेलं तरी दुसरं आहेच. यात अर्धं तथ्य आहे. एक पातं सरळ तुटून पडलं तर दुसऱ्यावर होडी चालवता येते. पण तरंगत्या ओंडक्यावर आपटून एक दांडा वाकला आणि पातं होडीच्या तळाला अडकून बसलं, तर काय होईल? दोन्ही सुकाणू एका आडव्या जोडदांड्याने जोडलेली असतात, त्यामुळे दुसरंही तिथेच अडकतं. तो जोडदांडा सोडवता आला तरच दुसरं सुकाणू कामाचं. जुन्या होड्यांवर त्याच्या टोकाचा स्टीलचा बोल्ट सुकाणूच्या अॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये (आडव्या हातात) गंजाच्या पांढऱ्या भुकटीने जाम झालेला असतो आणि हाताने हलत नाही. ऑटोपायलटही बहुधा एकाच बाजूला जोडलेला असतो. त्याच बाजूचं सुकाणू गेलं तर तोही गेला.

वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या होड्यांच्या जागतिक संघटनेच्या ऑफशोअर स्पेशल रेग्युलेशन्समधला नियम ४.१५ वाचा. सुकाणू गेल्यावर होडी वळवायचे पर्यायी मार्ग खलाशांना माहीत हवेत आणि त्यातला निदान एक त्याच होडीवर करून पाहिलेला हवा, असं तो सांगतो. नियम शर्यतींसाठी आहे, पण समुद्र दोघांना एकच आहे. दोन इंजिनांनी होडी वळते हे खरं, पण कित्येक जुन्या कॅटामरानांना मधोमध एकच आउटबोर्ड (बाहेर लावायचं इंजिन) असतं.

म्हणून होडी पाण्यात घालण्याआधी तो बोल्ट काढून साफ करा, त्याला लागणारा पाना तिथेच बांधून ठेवा. मग हलक्या वाऱ्यात, मोकळ्या पाण्यात जोडदांडा सोडा, एक सुकाणू मधोमध बांधा आणि दुसऱ्यावर टॅक करून, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवून, बघा. कॅटामरान एरवीही टॅक करताना अडखळते, एका सुकाणूवर जास्तच अडखळेल. नाक वाऱ्यात अडकलं तर जिब (पुढचं शीड) वाऱ्याच्या बाजूला धरून ते पलीकडे ढकलायचा सराव त्याच वेळी करून घ्या, आणि मग हेच दुसऱ्या बाजूच्या सुकाणूवरही करा.