यूबीई३ए म्हणजे पेशीतला झाडू नव्हे

"सोळा तास उपाशी राहा, यूबीई३ए नावाचं सफाई जनुक चालू होतं. ते जितकं जोरात चालेल तितका मेंदू तल्लख. शिवाय एक प्रत आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी आहेच." असा मजकूर सध्या फिरतोय. त्यात जनुकाचं नाव तेवढं बरोबर आहे.

सफाई? या जनुकापासून बनणारं एन्झाइम स्वतः काहीच फेकत नाही. ते ठरावीक प्रथिनांना युबिक्विटिन, म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन, चिकटवतं. ही चिठ्ठी लागली की तुकडे प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं कापणारं यंत्र, करतं. आणि चिठ्ठी फक्त खराब मालालाच लागते असं नाही. काम झालेली धडधाकट प्रथिनंही अशीच हटवली जातात.

उपवासाचा धागा बहुधा २०१६च्या नोबेलवरून उचललाय. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवून अभ्यासली ती ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणं. ती वाटच वेगळी. युबिक्विटिनचं नोबेल २००४चं. दोन नोबेलांची खिचडी झाली, एवढंच.

'जितकं जोरात तितकं चांगलं' हे तर धोकादायक. एचपीव्ही १६ आणि १८ या विषाणूंचं ई६ प्रथिन याच एन्झाइमला हाताशी धरतं आणि कर्करोग रोखणाऱ्या पी५३वर चिठ्ठी लावून घेतं. पेशीचा पहारेकरीच कापला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वाट इथूनही जाते. आईकडून आलेल्या १५व्या गुणसूत्राचा हा भाग दुप्पट झाला, तर फिट्स आणि स्वमग्नता दिसू शकते. त्यातही संशय मुख्यतः यूबीई३एवरच आहे.

आता 'दुसरी प्रत आहेच'. आहे, पण चेतापेशींत वडिलांकडची प्रत गप्प असते. तिच्या उलट दिशेने वाचला जाणारा एक लांबलचक आरएनए तिला बोलूच देत नाही. म्हणून आईकडची प्रत गेली की अँजेलमन सिंड्रोम होतो: बोलणं जवळजवळ नाही, तोल जाणारी चाल, फिट्स, आणि कारण नसताना येणारं हसू. हॅरी अँजेलमन यांनी अशा तीन मुलांचं वर्णन १९६५मध्ये केलं. त्यामागचं जनुक यूबीई३ए आहे हे कळायला १९९७ उजाडलं. (यात आईला दोष देऊ नका. सुमारे ७० टक्के मुलांमध्ये गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो, आणि हे बहुतेक वेळा नव्याने घडतं.)

वडिलांकडची ती प्रत गप्प असली तरी शाबूत असते. तिला बोलती करण्यासाठी तो आडवा येणारा आरएनए तोडणारी औषधं पाठीच्या कण्यातून सुईने देऊन पाहिली जाताहेत, माणसांवरच्या चाचण्या सुरू आहेत.